खाडीपलीकडचे पाहुणे आणि आपली शेती
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शेती सुधारायची म्हटले की आपण बियाणे, खते, पाणी आणि बाजारभाव यांचा विचार करतो. त्याबद्दल पुढे बोलणारच आहे. पण आज मुख्य विषय वेगळा आहे. खाडी ओलांडून आपण एकमेकांकडे जातो-येतो, त्या जाण्या-येण्याचा आपल्या शेतीशी काय संबंध आहे आणि त्याचा आपण अधिक फायदा कसा करून घ्यावा, याविषयी मी बोलणार आहे.

आपली किनाऱ्यावरची गावे खाड्यांनी तोडलेली आहेत. वाशिष्ठी नदीच्या मुखाशी एका काठाला दापोली तालुक्यातील दाभोळ आणि समोरच्या काठाला गुहागर तालुक्यातील धोपावे. समोरची घरे, माडांचे शेंडे, धक्क्यावर उभी असलेली माणसे डोळ्यांना दिसतात. फेरीबोटीने दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे जाता येते. परंतु रस्त्याने दापोलीहून खेड, चिपळूण असा वळसा घालून गुहागरला जायचे तर शंभर किलोमीटरच्या घरात अंतर पडते. जयगड आणि तवसाळ, वेश्वी आणि बागमांडला, आगरदांडा आणि दिघी या गावांचीही तीच स्थिती आहे. पूर्वी येथे होडी, तर किंवा लाँच असे. दाभोळ-धोपावे मार्गावर २००३ साली वाहने नेणारी फेरीबोट सुरू झाली आणि माणसांबरोबर दुचाकी, टेम्पो आणि आंब्याच्या पेट्याही खाडी ओलांडू लागल्या.

तिथी पाहून निघणारी माणसे

खाडीकाठचा माणूस घरातून निघताना दोन गोष्टी पाहतो. एक म्हणजे फेरीची वेळ आणि दुसरी म्हणजे पाण्याची वेळ. आपले वाडवडील तिथीवरून भरती सांगत असत. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरती किती वाजता येईल ते कळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, तर पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. हा आडाखा मुंबईच्या बाजूला बराच जुळतो. आपल्याकडे दक्षिणेला भरती त्यापेक्षा थोडी आधी येते. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी लागलेली असते.

ज्याची खाजणात शेती आहे त्याला हाच हिशेब दुसऱ्या कामासाठी लागतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला खारे पाणी बांधावर चढते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीला पाणी कमी चढते. म्हणून बांधाची खांडे बुजविणे, उघाडीचे झडप तपासणे, खेकड्यांनी पाडलेली भोके चिखलाने बंद करणे ही कामे भांगाच्या दिवसांत उरकावीत. उधाणाच्या आदल्या दिवशी बांधावरून एक फेरी मारावी. एकदा खारे पाणी खाचरात शिरले की त्या हंगामाचे भात तर जातेच, शिवाय जमिनीतील क्षार धुऊन जाण्यासाठी पुढचा पावसाळा वाट पाहावी लागते.

पाहुण्याच्या सामानासाठीही हा हिशेब उपयोगी पडतो. ओहोटीला धक्क्याचा उतार उघडा पडतो आणि तो शेवाळी असतो. भरलेला टेम्पो, रोपांच्या पिशव्या किंवा म्हातारी माणसे न्यायची असतील तर पाणी चढलेले असताना निघावे.

वाट पाहण्याचा वेळ वाया जात नाही

पुष्कळांना वाटते की फेरीची वाट पाहण्यात वेळ फुकट जातो. हे पूर्ण खरे नाही. धक्क्यावर भोई, खारवी, दालदी मच्छीमार भेटतात. आगरातला नारळ-सुपारीवाला भेटतो. वरकस जमिनीत नाचणी करणारा भेटतो. शाळेचे गुरुजी आणि आशा ताई भेटतात. कोणाच्या माडावर काळी बुरशी दिसू लागली, कोणाच्या हापूसला यंदा मोहर उशिरा आला, कोणत्या बाजूला लावणीसाठी माणसे मिळतात, हे सगळे तेथे कळते. आम्ही विस्तार कार्यकर्ते सभा घेतो, पत्रके काढतो, प्रात्यक्षिके दाखवितो. तरीही एका शेतकऱ्याने दुसऱ्याला सांगितलेली गोष्ट जितकी लवकर पटते, तितकी आमची पटत नाही. हे आम्हाला मान्य केले पाहिजे.

त्यातून शेवटची फेरी चुकली तर पाहुण्याला राहावे लागते. आपल्याकडे आलेल्याला जेवल्याशिवाय आणि वेळ झाली असेल तर मुक्काम केल्याशिवाय सोडत नाहीत. रात्री पडवीत गप्पा होतात. सकाळी चहा झाला की यजमान पाहुण्याला आगर दाखवायला नेतो. ही सकाळची फेरी फार मोलाची आहे. एरवी "आमचे माड बरे आहेत" एवढेच ऐकू येते. प्रत्यक्ष आगरात उभे राहिल्यावर आळे किती रुंद आहे, खत कोठे घातले आहे, पाणी कसे फिरविले आहे, माडाखाली जायफळ आणि मिरी किती अंतरावर आहे, हे डोळ्यांनी दिसते. म्हणून माझी पहिली विनंती अशी की पाहुणा म्हणून गेलात तर यजमानाचे शेत पाहिल्याशिवाय परतीची फेरी पकडू नका, आणि पाहुणा आला तर त्याला फक्त ओटीवर बसवून ठेवू नका.

घरातील स्त्रियांना या फेरीत मुद्दाम बरोबर घ्यावे. बियाणे निवडणे, वाळविणे, साठविणे आणि परसातील झाडे जगविणे ही कामे बहुतेक घरांत त्याच करतात. माहेर एका काठाला आणि सासर दुसऱ्या काठाला असलेल्या स्त्रीला दोन्ही काठांची शेती माहीत असते. तिला विचारल्यास पुष्कळ गोष्टी कळतील.

रिकामी पिशवी परत पाठवीत नाहीत

पाहुणा येताना काही आणतो आणि जाताना त्याची पिशवी रिकामी जात नाही. आमसुले, फणसपोळी, कुळीथ, सुके बोंबील, शहाळी, नाचणीचे पीठ अशा वस्तू दोन्ही बाजूंनी जातात. त्यांच्याबरोबर रोपे आणि बियाणेही जाते. ही चाल चांगली आहे, ती मोडू नये. परंतु झाडाची भेट देताना व घेताना काही काळजी घ्यावी. खाऊ वाईट निघाला तर एक दिवस वाया जातो. झाड वाईट निघाले तर दहा वर्षे वाया जातात.

कोकम आणि जायफळ : या दोन्ही पिकांत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. पाहुण्याने प्रेमाने दिलेले बीपासूनचे रोप सहा-सात वर्षे वाढवावे आणि ते नर निघावे, असे नेहमी घडते. बीपासून केलेल्या रोपांत सुमारे निम्मी झाडे नर निघण्याची शक्यता असते. म्हणून भेट द्यायची तर भरपूर फळ देणाऱ्या मादी झाडावरून केलेले कलम द्यावे. विद्यापीठाने प्रसारित केलेल्या कोकण अमृता, कोकण हातिस या कोकमाच्या जातींची कलमे घेतल्यास हा धोका राहत नाही. परागीभवनासाठी बागेत थोडी नर झाडे मात्र ठेवावीत.

नारळ : रोपासाठी नारळ निवडताना झाड २० वर्षांपेक्षा जास्त वयाचे, दर वर्षी ८० ते १०० फळे देणारे आणि निरोगी असावे. फळ ११ ते १२ महिन्यांचे, पूर्ण तयार झालेले घ्यावे. पडलेला कोणताही नारळ पिशवीत घालून दिला म्हणजे ते बियाणे होत नाही.

रोप देण्या-घेण्यापूर्वी पानांची खालची बाजू पाहावी. तेथे पांढऱ्या मेणचट वर्तुळाकार रेघा आणि खालच्या पानांच्या वरच्या बाजूवर काळी बुरशी दिसली तर ती चक्राकार पांढरी माशी समजावी. ही कीड भारतात प्रथम २०१६ साली तमिळनाडू व केरळात आढळली आणि नंतर इतर नारळ भागांत पसरली. रोपांबरोबर ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सहज जाते. असे रोप फेरीत चढवू नये. या किडीवर जगणारे परोपजीवी कीटक निसर्गात असतात, म्हणून दिसली कीड की मार फवारणी असे करू नये. सल्ला घेऊन उपाय करावा.

शेणखत : पलीकडून खताच्या गोणी आणताना त्या एकदा ओतून पाहाव्यात. खतात पांढऱ्या जाड अळ्या असतील तर त्या गेंड्या भुंग्याच्या असू शकतात. या अळ्या खताच्या खड्ड्यात वाढतात आणि त्यांचे भुंगे माडाचा शेंडा पोखरतात. अळ्या वेचून माराव्यात आणि मगच खत वापरावे.

भात : भाताचे बियाणे भेट मिळाले तर पेरण्यापूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. ८० किंवा अधिक दाणे रुजले तर बियाणे पेरण्यास योग्य समजावे. नंतर १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकावे. वर तरंगलेले हलके व रोगट दाणे काढून टाकावेत. तळाचे बियाणे दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावे आणि सावलीत सुकवावे. खाजणात लावायचे असेल तर गोड्या पाण्यावरच्या जातीचे बियाणे आणू नये. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या क्षार सहन करणाऱ्या जाती आहेत.

चांगले वाण दोन्ही काठांवर ठेवा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मंडणगड आणि दापोली भागात माड, सुपारी व आंब्याची झाडे मुळापासून उन्मळून पडली. दोन-तीन पिढ्यांनी वाढविलेली आगरे एका दुपारी आडवी झाली. नवीन लावलेला माड फळाला येण्यास सहा-सात वर्षे लागतात. त्याहूनही मोठे नुकसान म्हणजे ज्या झाडांवरून आपण बियाणे घेत होतो ती मातृवृक्षेच गेली.

वादळ सगळीकडे सारखे आदळत नाही. एका तालुक्यात बाग भुईसपाट होते आणि दोन खाड्या ओलांडल्या की तेथील बाग उभी असते. यावरून एक गोष्ट मनात धरावी. आपल्या आगरातील उत्तम माड, सुपारी किंवा कोकम यांची दोन-चार रोपे किंवा कलमे खाडीपलीकडच्या नातेवाइकाच्या आगरात अवश्य लावावीत आणि त्यांच्या चांगल्या झाडांची आपल्याकडे लावावीत. कोणती रोपे कोठून आली हे वहीत लिहून ठेवावे. एका काठावर आपत्ती आली तर दुसऱ्या काठावरून आपलेच वाण परत मिळेल. यासाठी खर्च जवळजवळ नाही. पाहुणचाराची जी चाल आहे तीच थोडी विचारपूर्वक पाळायची आहे.

फेरीतून आंबा नेताना

एप्रिल-मे महिन्यात फेरीवर पाहुणे, पर्यटक आणि आंबा यांची एकच गर्दी होते. रांगेत उभ्या असलेल्या टेम्पोत आंबा तापतो आणि पुढे आढीत तो नीट पिकत नाही. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. फळ चौदा आणे तयार झाल्यावर, म्हणजे सुमारे ८५ टक्के पक्वतेला, देठासह काढावे. विद्यापीठाच्या नूतन झेल्याने काढल्यास फळ आपटत नाही आणि चिकाचे डाग पडत नाहीत.
२. काढणी सकाळी १० पूर्वी आणि दुपारी ४ नंतर करावी. काढलेली फळे लगेच सावलीत आणावीत.
३. पेट्या व क्रेट यांना हवा खेळेल अशी भोके असावीत. टेम्पोवर छाया करावी, पण ताडपत्रीने चारी बाजूंनी गच्च बांधू नये.
४. शक्यतो पहिली किंवा सायंकाळची फेरी धरावी. भर उन्हाची रांग टाळावी.
५. चार-पाच बागायतदारांनी मिळून एक वाहन करावे. एकट्याने दहा पेट्या घेऊन तीनदा खाडी ओलांडण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

मातीची पुडी बरोबर घ्या

गुहागरच्या बाजूच्या शेतकऱ्यांना दापोलीचे कृषि विद्यापीठ गाठायचे तर ही फेरी हाच जवळचा रस्ता आहे. तरीही पुष्कळ लोक दापोलीला लग्नाला, दवाखान्याला, बाजाराला येतात आणि माती तपासणीसाठी वेगळी खेप कधीतरी करू म्हणून ती राहून जाते. वेगळी खेप करण्याची गरज नाही. वाडीतील एकजण पाहुणा म्हणून निघाला की त्याच्याबरोबर पाच घरांचे नमुने द्यावेत. भातशेतीसाठी एका खाचरात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे वीतभर खोल खड्डे घ्यावेत आणि कडेची माती खरवडून एकत्र करावी. ती सावलीत सुकवून, चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग काढीत जावे आणि शेवटी अर्धा किलो माती ठेवावी. खताच्या रिकाम्या गोणीत माती भरू नये. पिशवीत शेतकऱ्याचे नाव, गाव, सर्व्हे नंबर आणि घ्यावयाचे पीक लिहिलेली चिठ्ठी टाकावी. फळबागेसाठी वेगवेगळ्या थरांचे नमुने घ्यावे लागतात, ते आधी विचारून घ्यावेत.

शेवटच्या फेरीनंतर

खाडीकाठच्या राहणीची एक कठीण बाजूही आहे. रात्री शेवटची फेरी गेली की दोन्ही गावे एकमेकांना परकी होतात. लावणीच्या किंवा गवतकापणीच्या दिवसांत सर्पदंश झाला, बाळंतिणीला कळा सुरू झाल्या, तर धक्क्यावर जाऊन होडी शोधत बसू नये. आपल्याच काठावरचे जवळचे रुग्णालय कोणते, तेथे सर्पदंशाची लस आहे का, गाडी कोणाची मिळेल, हे पावसाळ्यापूर्वीच विचारून ठेवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सर्पदंश झालेल्यास चालवू नये, दंशाची जागा कापू नये, घट्ट आवळून बांधू नये. त्यास धीर देऊन शांत पडून राहू द्यावे आणि लवकरात लवकर रुग्णालयात न्यावे.

वादळाचा इशारा असेल आणि फेरी बंद असेल तर आग्रह करू नये. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट खवळलेल्या समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांत सणासाठी गावी निघालेले पुष्कळ लोक होते. घरच्यांनी एक दिवस वाट पाहिली तर काही बिघडत नाही.

उद्या पूल झाल्यावर

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गावर दाभोळ, जयगड यांसारख्या खाड्यांवर पूल बांधण्याचे ठरले आहे. पूल व्हावेत, याविषयी दुमत नाही. आजाऱ्याला रात्री न्यायचे असेल, नाशवंत माल वेळेवर पोचवायचा असेल, मुलांना शिकायला जायचे असेल तर पुलासारखी सोय नाही. आंजर्ल्याला पूर्वी तरीने जावे लागे, आता पूल आहे आणि लोकांची मोठी अडचण दूर झाली आहे.

पण एका गोष्टीची आठवण देतो. पूल झाला की पाहुणा गाडीतून येईल, तासाभरात चहा घेऊन जाईल. धक्क्यावरची बैठक राहणार नाही. मुक्काम होणार नाही आणि सकाळची आगरातील फेरीही होणार नाही. आज खाडीमुळे आपल्याला थांबावे लागते आणि थांबल्यामुळे आपण एकमेकांची शेती पाहतो. उद्या कोणी थांबविणार नाही, तेव्हा आपण होऊन थांबले पाहिजे. शिवाय तरुण मंडळी मुंबईला आहेत, घरात वडीलधारी दोन माणसे आणि मोठे आगर अशी स्थिती अनेक घरांत आहे. त्यांना बाग कशी आहे हे विचारायला येणारा पाहुणा हाच मोठा आधार असतो.

म्हणून प्रत्येक वाडीने आतापासूनच एक साधी पद्धत घालावी, असे मी सुचवितो. वर्षातून दोन दिवस ठरवावेत. एक दिवस भात निसवण्याच्या वेळी, म्हणजे भाताच्या जाती शेजारी शेजारी पाहता येतील. दुसरा दिवस आंब्याचा मोहर आल्यावर. एका वर्षी या काठाने त्या काठाकडे जावे, दुसऱ्या वर्षी त्यांनी इकडे यावे. जेवण यजमान वाडीने करावे. जेवणापूर्वी तीन-चार शेते पाहावीत आणि जेवणानंतर बियाणे व कलमांची देवघेव करावी. सहायक कृषि अधिकाऱ्याला किंवा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञाला बोलवायचे असेल तर अवश्य बोलवा, आम्ही येऊ. आम्ही आलो नाही तरी तुमचे काम अडू नये.

आता गणपतीला, शिमग्याला, लग्नकार्याला तुम्ही खाडी ओलांडालच. त्या वेळी पिशवीत मातीचा नमुना, वहीत दोन प्रश्न आणि परतीच्या फेरीआधी यजमानाचे आगर पाहण्याइतका वेळ ठेवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.